आप्पा म्हणजे कोण

दुभाषी स्वतःविषयी बोलताना 'मी' म्हणत नसत. चहा नको असेल तर "साक्षीदाराला चहा नको आहे" असे म्हणत. ताप आला तर "साक्षीदाराला कालपासून कणकण आहे." नवख्या माणसाला ही थट्टा वाटे. ती थट्टा नव्हती. बेळगावच्या कोर्टात त्यांची उभी हयात दुसऱ्यांचे बोलणे सांगण्यात गेली होती, आणि साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचे असा नियम होता. "मी कुऱ्हाड उचलली." "मी त्या दिवशी शेतात नव्हतो." "मला नवऱ्याने टाकली." हे सारे दुभाषी साहेबापुढे स्वच्छ इंग्रजीत बोलत. चेहरा कोरा असे. संध्याकाळी कोर्टाच्या पायऱ्या उतरल्यावर पुन्हा तोच शब्द स्वतःसाठी वापरणे त्यांना जमत नसावे. एकदा विचारले तर म्हणाले, "तो शब्द कचेरीचा आहे. घरी न्यायचा नाही."

मी त्या वेळी गावातल्या एका साप्ताहिकासाठी कोर्टाच्या बातम्या आणत असे. लढाईचे दिवस होते. कागद मिळत नव्हता, त्यामुळे बातमी आखूड लिहावी लागे. दुभाष्यांविषयीही आखूड लिहिता येईल असे वाटत होते. तसे ते जमलेले नाही, कारण त्यांना नेमके काय हवे होते हे मला तेव्हा सांगता आले नसते आणि आजही खात्रीने सांगता येत नाही.

ते अनगोळला एका खोलीत एकटे राहत. गळ्यापर्यंत बंद काळा कोट, पायांत कोल्हापुरी वहाणा. खिशात भाजलेल्या शेंगा असत. शेंगा खाऊन टरफले ते दुसऱ्या खिशात टाकत, रस्त्यावर टाकत नसत. मराठी, कानडी, इंग्रजी, हिंदुस्तानी सारखीच बोलत. "अर्थ मागाहून, आधी शब्द" हे त्यांचे आवडते वाक्य. त्यापायी ते अडचणीतही येत. एकदा हिंडलग्याच्या तुरुंगातून आणलेल्या एका आरोपीने निकाल ऐकल्यावर मॅजिस्ट्रेटला आईवरून शिवी दिली. दुभाष्यांनी ती शिवी, नाते न बदलता, इंग्रजीत सांगितली. साहेब लालबुंद झाला. "माफी मागा," म्हणाला. दुभाषी आरोपीकडे वळले, त्याला ते मराठीत सांगितले, त्याचे उत्तर ऐकले आणि साहेबाला म्हणाले, "साहेब, मी मागणार नाही." साहेबाला हा 'मी' कोणाचा हे कळायला वेळ लागला.

पण एका शब्दापुढे मात्र ते अडत. तो शब्द म्हणजे 'आप्पा'.

सदलग्याच्या एका शेतजमिनीचा दावा चालू होता. पिंजऱ्यात म्हातारा कुळवाडी. जमीन नांगरायला कोणी सांगितली, असे वकिलाने विचारले.

"आप्पानं सांगितलं," म्हातारा म्हणाला.

दुभाषी थांबले. "आप्पा म्हणजे कोण?"

"आप्पा म्हंजे आप्पा."

"तुमचे वडील?"

"न्हाय ओ. बा मरून किती वर्सं झाली. आप्पा!"

"म्हणजे नात्यातले कोणी?"

"आता ह्येला काय सांगावं," म्हातारा वकिलाकडे बघून म्हणाला. "गावात समदी आप्पाच म्हंत्यात की त्यास्नी."

साहेबाने विचारले, साक्षीदार काय म्हणतो आहे? दुभाष्यांनी सांगितले, "साहेब, साक्षीदार 'आप्पा' म्हणतो आहे." साहेब म्हणाला, ते मी ऐकले, त्याचा अर्थ सांगा. दुभाषी म्हणाले, "कानडीत बाप. इकडच्या मराठीत बाप असेल, थोरला भाऊ असेल, गावचा मालक असेल, किंवा ज्याला सगळे आप्पा म्हणतात असा कोणीही असेल. कोणता, ते हाक मारणाऱ्याला ठाऊक." त्या दिवशी दाव्याचे काम पुढे सरकले नाही.

हे मी त्या वेळी गंमत म्हणून छापले होते. त्यामागचे कारण एक मराठी बोलपट गावात आल्यावर कळले.

त्या बोलपटाला गावात 'आरशाचा शिनेमा' म्हणत. गोष्ट अशी. एका जहागीरदाराच्या घरी एक घरगडी असतो. जहागीरदाराच्या मुलाच्याच वयाचा, त्याच्याच बांध्याचा. मुलाचे जोडे पुसता पुसता तो त्याची चाल उचलतो, मग आवाज, मग हसणे. घरात कोणी नसले की मुलाचा कोट अंगात घालून आरशासमोर उभा राहतो. म्हाताऱ्या जहागीरदाराची दृष्टी हळूहळू जाते. एक दिवस मुलाची पगडी विहिरीच्या पाण्यावर तरंगताना दिसते. तो पडला की ढकलला, हे दाखवलेले नाही. त्या दिवसापासून गडी कोट घालून मुलाच्या जागी राहू लागतो. शेवटी आंधळा म्हातारा त्याचा हात हातात घेतो आणि तळव्यावरचे घट्टे चाचपतो. सगळा शिनेमाभर 'धनी' म्हणणारा गडी, कोट घातल्यावर 'बाबा' म्हणणारा गडी, त्या वेळी एकदम "आप्पा" म्हणतो. म्हातारा हात सोडतो. शिनेमा संपतो.

थिएटरात खुर्चीवर बसणाऱ्यांना हा शेवट चटकन कळला. मुलगा बापाला बाबा म्हणत असे, आप्पा म्हणत ती बाहेरची माणसे. गडी बेसावधपणे चुकला आणि म्हाताऱ्याने तोतया ओळखला. टिळकवाडीतल्या एका वकिलांनी आम्हाला लिहून कळवले की, चित्र कुशल आहे पण विषारी आहे, घरच्या नोकरांना ते दाखवणे म्हणजे त्यांच्या हाती विळा देणे. त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या आचाऱ्याला काढून टाकले, कारण तो आरशासमोर भांग पाडताना सापडला.

जमिनीवर बसणाऱ्यांनी वेगळेच ऐकले होते. शहापूर-वडगावचे विणकर, बाजाराला आलेले शेतकरी, हमाल. त्यांच्या घरात आप्पा म्हणजे बाप. त्यांच्या मते शेवटच्या शब्दात सगळे उघड होते: गडी हा जहागीरदाराचाच मुलगा, भलत्या बाईच्या पोटचा. म्हातारा हात सोडतो तो लाजेने.

"तोतया कशाचा वो?" एक विणकर थिएटरच्या दारात त्या वकिलांच्या कारकुनाला म्हणाला. "सोताच्या बापाला आप्पा म्हणायला काय लायशन लागतंय?"

"अरे, त्यानं खून केलाय!"

"तुमास्नी दिसला? आम्हास्नी न्हाय दिसला. नुस्ती पगडी दिसली."

दोन्ही बाजूंची माणसे पुन्हा पुन्हा बघायला जात, आणि बाहेर येऊन तेच भांडण नव्याने करत. मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा बाहेर आल्यावर मला दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या.

थिएटरच्या मालकाने दर शनिवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारचा खेळ कानडी माणसांसाठी ठेवला होता. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस असे. मालकाला ती सोय आठवली आणि त्याने दुभाष्यांना विचारले. दुभाषी तयार झाले. पडद्याच्या डाव्या बाजूला उभे राहून ते पात्रांचे बोलणे कानडीत सांगत. धनी आला की 'धणी', बाबा आला की 'तंदे'. कोर्टातलाच आवाज, कोर्टातलाच कोरा चेहरा. शेवटचा शब्द मात्र ते सांगत नसत. सांगायचे काही नव्हतेच, कानडीतही आप्पा म्हणजे आप्पाच. ते गप्प राहत आणि त्या गप्पपणात जमिनीवरच्या बाया डोळ्यांना पदर लावत.

खेळ सुटला की दुभाषी दारात उभे राहून लोकांना विचारत, "शेवटी तुम्ही काय ऐकलंत? तो कोणाला हाक मारत होता?" उत्तर मन लावून ऐकत, जबाब घ्यावा तसे. मग स्वतःचे मत सांगत. एका शनिवारी म्हणाले, "तोतयाच आहे." पुढच्या शनिवारी, "साक्षीदाराची चूक झाली. तो मुलगा आहे." त्यानंतरच्या शनिवारी त्यांना काहीच सांगता येईना. वाटेत शेंगा सोलत होते आणि दाणे टरफलांच्या खिशात टाकत होते.

"एवढं काय आहे त्यात?" मी विचारले. "लिहिणाऱ्याने लिहिलेला एक शब्द आहे."

"लिहिणाऱ्याला विचारून भागणार नाही," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला विचारायला पाहिजे. त्याने हात का सोडला?"

हा प्रश्न त्यांच्यासाठी शिनेमातला नव्हता, हे मला निपाणीच्या एका गृहस्थामुळे कळले.

कोर्टासमोरच्या चहाच्या दुकानात आम्ही बसलो होतो. उंची कोट, जरीचा फेटा, बोटात अंगठ्या असा एक माणूस आला आणि न विचारता दुभाष्यांसमोर बसला. निपाणीच्या एका मोठ्या तंबाखू व्यापाऱ्याचा तो थोरला मुलगा. दुभाष्यांची आई त्या व्यापाऱ्याच्या वखारीत तंबाखू निवडायला होती. बाप कोण, हे कोणाला ठाऊक नव्हते. व्यापाऱ्याने त्या एकाच पोराला वखारीतून उचलून शाळेत घातले आणि पुढे बेळगावला शिकायला पाठवले. का, हे त्याने सांगितले नाही. आता तो थकला होता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दुभाषी दर रविवारी सर्व्हिस मोटारीने निपाणीला जात, त्याच्या सोप्यावर बसून त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि परत येत. आयुष्यात त्यांचे दुसरे कोणी नव्हते. हे जाणे पुढे बंद झाले.

"तू लई शिकलास," थोरला म्हणाला. "कुणी शिकवलं?"

"साक्षीदार ते नाकारत नाही."

"ह्ये कोर्ट न्हाय. नीट बोल. निपाणीत काय बोलत्यात ठावं हाय? बाजाराला आलेली माणसं तुझा शिनेमा बघून आल्यात. म्हंत्यात, आंधळा म्हातारा म्हंजे आमचा आप्पा, आन् गडी म्हंजे तू. शेवटाला तू मुद्दाम गप ऱ्हातोस, म्हंजे लोकांनी समजून घ्यावं."

"त्या शब्दाला कानडी शब्द नाही. तोच शब्द आहे."

"धणी म्हण. कानडीत धणी म्हंत्यात का न्हाय?"

"म्हणतात."

"मग झालं की."

"तो तिथे धणी म्हणत नाही. तो आप्पा म्हणतो."

थोरल्याने बशी बाजूला सारली. "आरं, आमीबी आप्पा म्हंतो. निवडणाऱ्या बायाबी आप्पा म्हंत्यात, हमालबी आप्पा म्हंत्यात. समदी काय त्येची पोरं?"

"साक्षीदाराला तेच विचारायचं आहे."

थोरला जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तुझी आई काय बोललीती का कवा?"

"ती होती तोवर विचारायचं सुचलं नाही. सुचलं तेव्हा ती नव्हती."

"मग आप्पालाच इच्यार जा. जित्ता हाय अजून."

"हाक काय म्हणून मारायची?" दुभाषी म्हणाले.

थोरला उठला. "येत्या शनवारी आप्पाला डोळं दाखवायला आणतोय. दुपारी शिनेमाला बशिवतो. निपाणीची माणसंबी असतील. त्येंच्याम्होरं तिथं धणी म्हण, म्हंजे त्वांडं बंद हुतील. न्हाय म्हणलास, तर रविवारचं येणं बंद. आमच्या दाराची पायरी चढायची न्हाय."

तो गेल्यावर मी विचारले, काय करणार? दुभाष्यांनी चहा संपवला. "एका शब्दाचा प्रश्न आहे," म्हणाले. "'धणी' म्हटलं तर साक्षीदार त्या घरात जाऊ शकतो, पण कोण म्हणून जातो ते ठरून जातं. नाही म्हटलं तर ठरत काहीच नाही, आणि जाणंही नाही." मला वाटले ते सल्ला मागत आहेत. ते फक्त वाक्य नीट लावत होते.

शनिवारी थिएटर भरले होते. म्हातारा पुढच्या खुर्चीवर होता, शेजारी थोरला. म्हातारा धिप्पाड होता, डोक्याला मऊ पटका, मांडीवर काठी आडवी. पडदा त्याला धूसर दिसत असावा, कारण तो मान वाकडी करून कान पुढे करत होता. येणारा-जाणारा प्रत्येक निपाणीकर "आप्पा, नमस्कार" म्हणे आणि तो प्रत्येकाला "ओ" देई.

मी मधल्या बाकावर होतो. दुभाषी नेहमीच्या जागी उभे राहिले आणि नेहमीसारखे बोलत गेले. कोट, आरसा, विहीर, पगडी. फिल्म बरीच झिजली होती. आवाज खरखरत होता, मधूनच चित्र उडी मारत होते. शेवट जवळ आला तशी निपाणीची माणसे पडद्याकडे बघेनाशी झाली, दुभाष्यांकडे बघू लागली. थोरला पुढे सरकून बसला होता. पडद्यावर आंधळ्या जहागीरदाराने गड्याचा हात घेतला आणि तळव्यावर बोटे फिरवली. चित्र उडाले. मग हाक ऐकू आली.

"आप्पा."

आणि पुढच्या खुर्चीतून म्हातारा मोठ्याने म्हणाला, "ओ! काय रं?"

खुर्च्यांवरची माणसे खो खो हसली. जमिनीवर कोणी हसले नाही. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने तोवर हात सोडला होता आणि दिवे लागले. दुभाषी तिथेच उभे होते. 'धणी' ते म्हणाले नव्हते.

खुर्चीवाल्यांनी मला छातीठोक सांगितले की हाक पडद्यावरच्या नटाची होती, नेहमीचाच आवाज. जमिनीवरच्यांनी तितक्याच खात्रीने सांगितले की हाक डाव्या बाजूने आली, पडद्यातून नव्हे. मी जिन्याने वर ऑपरेटरकडे गेलो. तो रीळ गुंडाळत होता. म्हणाला, "त्यो शब्द हायच कुठं आता? काल तिथं फिल्लम तुटली. तुकडा कापून जोडली. हात चाचपतो तिथनं एकदम हात सोडतो, मधलं गेलं."

मी खाली आलो तेव्हा बाहेर मोटार उभी होती. थोरला म्हाताऱ्याला आत बसवत होता. दुभाषी दाराशी, मोटारीपासून हातभर अंतरावर होते. त्यांचा कोट घामाने पाठीला चिकटला होता. थोरल्याने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही.

म्हातारा बसला, काठी पायांशी घेतली आणि विचारले, "मला कोण बोलिवलं रं मगाशी?"

"कोण न्हाय, आप्पा. शिनेमा हुता."

"शिनेमा मला कशाला हाक मारंल?"

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "तिथं कोण हुबा हाय?"

"दुभाषी हाय," थोरला म्हणाला.

"मग त्येलाच इच्यार की कोण बोलिवलं. त्येचं कामच हाय त्ये."

दुभाषी एक पाऊल पुढे आले. हात कोटाच्या शिवणीला लागले होते, पिंजऱ्याशेजारी उभे राहताना लागत तसे. त्यांची तयारी झालेली होती, एवढे मी पाहिले आणि ते सांगू शकतो. प्रश्न आल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही ही त्यांची जन्माची शिस्त. थोरल्यालाही ती ठाऊक होती.

थोरल्याने विचारले नाही. त्याने दार लावले, वळसा घालून दुसऱ्या बाजूने आत बसला आणि ड्रायव्हरला चल म्हणाला. मोटार हलली तेव्हा म्हाताऱ्याने काचेला हात लावला होता आणि कान आमच्या दिशेने धरला होता.